परवानगी कोण कोणाला देते?
वेळ मोजणाऱ्या अ‍ॅपच्या एका वाक्याचे वाचन

१. वाक्य

अ‍ॅपलच्या संगणकावर वेळ मोजणारे एखादे अ‍ॅप पहिल्यांदा चालू केले, की पडद्यावर एक छोटी चौकट येते. तीत इंग्रजीत एक वाक्य असते. त्याचा मराठी अर्थ असा : ‘अमुक अ‍ॅप सुगम्यता सुविधांचा वापर करून हा संगणक नियंत्रित करू इच्छिते.’ खाली दोन बटणे असतात, एक नकाराचे आणि दुसरे सेटिंग्ज उघडण्याचे. होकाराचे बटण त्या चौकटीत नसतेच. होकार द्यायचा तर ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ या विभागात जायचे, यादीत त्या अ‍ॅपचे नाव शोधायचे आणि त्याच्यासमोरची कळ सरकवायची.

हे वाक्य रोज असंख्य लोकांसमोर येत असेल आणि बहुतेक जण ते वाचत नसतील. या लेखात मी ते एखाद्या जुन्या कागदासारखे वाचणार आहे. मी संगणकशास्त्र शिकलेली नाही. माझे औपचारिक शिक्षण बारावीपर्यंतचे. गेली वीस वर्षे मी मुंबईच्या गिरणगावात, गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत काम केलेल्या बायकांच्या मुलाखती घेत आले आहे. पोटासाठी मुद्रितशोधन आणि ग्रंथांच्या सूची करते. संगणक गरजेपोटी, पडत-झडत शिकले. पण जुने दस्तऐवज वाचताना काही प्रश्न विचारायची सवय लागते : हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, काय लिहायचे टाळले, आणि खाली सही कोणाची घेतली? परवानगीच्या चौकटीला हेच प्रश्न विचारता येतात.

मला हे प्रश्न विचारावे लागले त्याची कारणे दोन. एक, तासाभराची मुलाखत कागदावर उतरवायला नेमके किती तास लागतात, हे मला आकड्यात सांगता येत नव्हते आणि आकड्याशिवाय कोणी त्या कामाचे पैसे देत नाही. म्हणून वेळ मोजणारे अ‍ॅप मला स्वतःलाच हवे होते. दुसरे, ज्या एका संस्थेचे मुद्रितशोधन मी घरून करते, तिने आपल्या सर्व कंत्राटी लोकांना असेच एक अ‍ॅप स्वतःच्या संगणकावर बसवायला सांगितले. ते दर काही मिनिटांनी पडद्याचे चित्र घेते. माझ्या त्याच संगणकावर मुलाखती आहेत. त्यांतल्या काही बायकांनी मला जॉबरच्या मागण्या, नायकिणीला द्यावे लागलेले पैसे, पठाणाचे कर्ज, स्वतःच्या मुलांनाही न सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्या एका अटीवर : नाव कुठे येता कामा नये. ही अट मी तोंडी मान्य केलेली आहे. त्यावर कुणाची सही नाही. म्हणून तर ती मोडता येत नाही.

२. वेळ मोजायला काय लागते?

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ. वेळ मोजणारे अ‍ॅप निरनिराळ्या थरांवरची माहिती गोळा करू शकते आणि हे थर वेगळे करून पाहिले, तर परवानगीच्या वाक्याचा अर्थ उलगडू लागतो.

पहिला थर : या क्षणी समोर कोणते अ‍ॅप आहे? लेखनाचे, ईमेलचे की ब्राउझर? मॅकवर एवढे कळायला कोणतीही परवानगी लागत नाही. कीबोर्ड आणि माउस किती सेकंद शांत आहेत, हेही परवानगीवाचून कळते. म्हणजे ‘मी आज लेखनाच्या अ‍ॅपमध्ये किती तास होते?’ या प्रश्नाचे उत्तर कोणालाही काहीही न विचारता मिळू शकते.

दुसरा थर : त्या अ‍ॅपमध्ये कोणती खिडकी उघडी आहे? प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर शीर्षक असते. फाइलचे नाव, ईमेलचा विषय, वेबपानाचे नाव. ते वाचायचे तर परवानगी लागते. ती सुगम्यतेच्या नावाने मागितली जाते किंवा पडदा चित्रित करण्याच्या नावाने. २०१९ साली आलेल्या कॅटालिना या आवृत्तीपासून दुसऱ्या अ‍ॅपच्या खिडकीचे नाव हेदेखील पडद्याच्या चित्राइतकेच खासगी धरले जाऊ लागले. त्याआधी ते कोणालाही वाचता येत असे. तिसरा थर : ब्राउझरमध्ये नेमका कोणता पत्ता उघडा आहे. त्यासाठी ब्राउझरला सूचना देण्याची वेगळी परवानगी लागते. चौथा थर पडद्याच्या चित्राचा आणि पाचवा कोणती कळ दाबली त्याचा. या प्रत्येकाला स्वतंत्र परवानगी आहे.

हे सगळे अ‍ॅपलच्या संगणकाबद्दल झाले. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आणि कचेऱ्यांत विंडोज असते. तिथे नेहमीच्या पद्धतीने बसवलेला प्रोग्राम इतर खिडक्यांची शीर्षके आणि पडदा अशी कोणतीही चौकट न दाखवता वाचू शकतो. म्हणजे ज्या वाक्याची मी इथे चिकित्सा करते आहे, ते निदान विचारते तरी. पुढची टीका करताना हे श्रेय त्याला द्यायला हवे.

३. ‘सुगम्यता’ कोणाची?

आता वाक्यातला मुख्य शब्द. सुगम्यता हा शब्द आपल्याकडे २०१५च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘सुगम्य भारत अभियाना’मुळे रुळला : ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, त्याला इमारत, वाहन आणि माहिती वापरता यावी. संगणकातही त्याचा अर्थ तोच. मॅकमध्ये २००५ साली व्हॉइसओव्हर हा पडदावाचक आला. दृष्टिहीन माणसासाठी तो खिडकीतला मजकूर मोठ्याने वाचतो आणि त्याच्या वतीने बटणे दाबतो. हे करता यावे म्हणून यंत्रात एक मोठा दरवाजा ठेवावा लागला. त्यातून सर्व खिडक्यांतले सर्व काही वाचता येते आणि हलवताही येते.

वेळ मोजणारे अ‍ॅप याच दरवाजातून आत येते. त्याला हवे असते फक्त शीर्षक. पण दरवाजा एकच असल्यामुळे किल्ली पूर्ण दरवाजाची द्यावी लागते. म्हणून वाक्यात ‘नियंत्रित करू इच्छिते’ असे भयंकर क्रियापद येते. अ‍ॅपचा इरादा बहुधा नियंत्रणाचा नसतो, वाचण्याचा असतो. पण वाचण्याचा उल्लेख वाक्यात कुठेच नाही! जे होणार नाही ते वाक्य सांगते आणि जे नक्की होणार आहे ते सांगत नाही. दोन्ही बाजूंनी वाचक फसतो. घाबरट माणूस संगणक कोणीतरी ताब्यात घेईल म्हणून नकार देतो. अनुभवी माणूस ‘तसे काही नसते हो’ म्हणून कळ सरकवतो. नेमके काय दिले, हे दोघांनाही कळलेले नसते.

आणखी एक उणीव आहे. एखाद्या अ‍ॅपला कॅमेरा किंवा मायक्रोफोन हवा असेल, तर कशासाठी हवा त्याचे कारण बनवणाऱ्याला एका ओळीत लिहावे लागते आणि ती ओळ चौकटीत दिसते. सुगम्यतेच्या चौकटीत अशी कारणाची ओळ नसते. म्हणजे छोट्या मागणीला कारण सांगावे लागते आणि सगळ्यात मोठी मागणी कारणाविना पुढे येते.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. यावर उपाय म्हणून तो दरवाजाच अरुंद करा असे म्हणणे सोपे आहे, पण तसे झाले तर पहिला फटका दृष्टिहीन वाचकाला बसेल. दरवाजा ज्यांच्यासाठी केला त्यांचाच राहावा. माझा आक्षेप आहे तो त्यावरच्या पाटीला.

४. शीर्षक नावाचा मजकूर

‘शीर्षक म्हणजे काय, एक ओळ!’ असे म्हणून हा विषय झटकता येतो. मीही माझ्या संगणकावर एक दिवसभर कोणती शीर्षके येतात ती कागदावर उतरवून पाहिली. मुलाखत, अमुकमावशी, दुसरी बैठक. बँकेच्या पानाचे नाव. डॉक्टरांकडून आलेल्या अहवालाच्या फाइलचे नाव, त्यात तपासणीचे नावही. एका मैत्रिणीच्या ईमेलचा विषय, तिने घर सोडण्याबद्दल लिहिलेला. संध्याकाळपर्यंत पान भरले. त्या पानावर माझ्या स्वतःबद्दल जेवढे होते, त्याहून अधिक इतरांबद्दल होते.

आता यात प्रत्येक ओळीपुढे सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ घाला, आणि असे महिनोन्‌महिने होऊ द्या. जुन्या नोंदवह्यांवर काम करणाऱ्या कोणालाही हे पाहताच ओळख पटेल. गिरणीचे मस्टर, इस्पितळातली भरतीची वही, चाळीची भाड्याची वही, सावकाराची खातेवही : यांतली एकही वही कोणी कुणाचे चरित्र म्हणून लिहिली नव्हती. पण आम्ही संशोधक त्यांतूनच माणसांची आयुष्ये उभी करतो. मस्टरवरच्या सलग गैरहजेऱ्यांतून बाळंतपण कळते, भाड्याच्या वहीतल्या खाडाखोडीतून संपाचे महिने कळतात. नोंदवहीतली एकेक ओळ निरुपद्रवी असते आणि वही तशी नसते, हे ज्यांना कळते त्यांत आमचा क्रमांक वरचा. तेव्हा ‘फक्त शीर्षके’ हा युक्तिवाद इतरांनी केला तर समजू शकते. संशोधकाने तो करू नये.

मस्टरशी तुलना इथेच संपवायला हवी, कारण एक फरक मोठा आहे. मस्टरवर नाव येई ते कामावर आलेल्या बाईचे. तिला ते माहीत असे. गेटवर ती उभी असे. वेळ मोजणाऱ्या अ‍ॅपच्या वहीत मात्र अशी माणसे येतात, जी त्या संगणकाच्या जवळपासही आलेली नाहीत. ज्या मावशीने मला अट घातली, तिने आयुष्यात कधी कीबोर्डला हात लावलेला नाही. परवानगीची चौकट तिला दिसत नाही. दिसते ती मला. आणि चौकट मला विचारते ते ‘या संगणका’बद्दल. माणसाबद्दल एक अक्षर नाही.

५. ‘अनुपस्थित’

अशा अ‍ॅपांची स्वतःची एक परिभाषा असते आणि तीही वाचण्यासारखी आहे. अ‍ॅक्टिव्हिटीवॉच या अ‍ॅपचे उदाहरण घेते. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची संहिता कोणालाही पाहता येते. आणि ते आपल्या नोंदी वापरणाऱ्याच्या संगणकावरच ठेवते. अशा अ‍ॅपांत ते सभ्य म्हणावे असे. त्यातही माणसाच्या फक्त दोन अवस्था आहेत : कीबोर्डपाशी असलेला आणि कीबोर्डपासून दूर गेलेला. मूळ रचनेत तीन मिनिटे कीबोर्ड किंवा माउस हलला नाही, की माणूस दूर गेला असे समजले जाते. हा कालावधी वापरणाऱ्याला बदलता येतो, अवस्था मात्र दोनच राहतात.

मुलाखत उतरवण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना यातली गंमत कळेल. बोलता बोलता बाई थांबते. नवऱ्याचा विषय असतो किंवा १९८२च्या संपाचा. ध्वनिफितीवर पंख्याचा आवाज, रस्त्यावरचा हॉर्न, मग पुन्हा एक वाक्य, अर्धवट. मी ते दहादा ऐकते, डोळे मिटून. हात कशालाही लागत नाही. माझ्या कामातला सर्वांत अवघड भाग हाच. अ‍ॅपच्या वहीत त्या वेळी मी अनुपस्थित असते. छापील पुस्तक वाचताना अनुपस्थित, फोनवर एखाद्या मावशीला शब्दाचा अर्थ विचारताना अनुपस्थित.

स्वतःसाठी मोजताना याचे हसू येते. पगार त्यावर ठरणार असेल तर हसू येत नाही. फ्रान्सच्या विदासंरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२४मध्ये घरजागेच्या व्यवसायातल्या एका कंपनीला ४०,००० युरो दंड केला. त्या कंपनीचे सॉफ्टवेअर तीन ते पंधरा मिनिटे कीबोर्ड-माउस हलला नाही तर तो वेळ निष्क्रियतेचा म्हणून नोंदवत होते आणि अधूनमधून पडद्याची चित्रेही घेत होते. कीबोर्ड न हलण्याच्या त्या वेळात बैठक किंवा फोनवरचे बोलणे असे खरेखुरे काम चाललेले असू शकते, हे प्राधिकरणाने ध्यानात घेतले. एका अर्थाने ते ‘निष्क्रिय’ या शब्दाचे शब्दार्थशास्त्र होते, आणि त्याला दंडाची जोड होती.

६. परवानगी आणि संमती

मराठीत या व्यवहारासाठी दोन शब्द आहेत आणि आपण ते सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. परवानगी हा फारसीतून आलेला, परवान्याच्या घरातला शब्द. ती वरून खाली येते. साहेबाची, सरकारची, घरातल्या मोठ्यांची. संमती संस्कृतातून आली. तिच्यात मत जुळणे आहे. म्हणजे दोन माणसे लागतात आणि दोघांनाही मत असावे लागते.

पडद्यावरची चौकट परवानगीचे नाटक करते. अ‍ॅप विनंती करते, ‘इच्छिते’ असे अदबीने म्हणते, आणि मी जणू गादीवर बसून परवाना देते. संस्थेने सांगितल्यावरून ते अ‍ॅप बसवणाऱ्या माणसाची स्थिती नेमकी उलटी असते. काम हवे तर कळ सरकवावीच लागते. इच्छा अ‍ॅपची नसते, अ‍ॅपला इच्छा नसतात. ती संस्थेची असते. तिचे नाव मात्र त्या वाक्यात कर्ता म्हणून कुठेच येत नाही. परवाना देणारी म्हणून माझी नोंद होते, आणि उद्या तक्रार केली तर ‘तुम्हीच तर दिलीत’ हे उत्तर तयार असते.

संमती या शब्दाचा अर्थ महाराष्ट्राने एकदा चव्हाट्यावर घासूनपुसून पाहिलेला आहे. बालपणी आपल्या इच्छेवाचून झालेल्या लग्नाला बांधील राहण्यास रखमाबाईंनी नकार दिला आणि १८८४ ते १८८८ तो खटला गाजला. पाठोपाठ १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. टिळकांनी ‘केसरी’तून त्याला विरोध केला, आगरकर ‘सुधारका’तून पाठीशी उभे राहिले, भांडारकरांनी शास्त्राधार काढून दाखवले. त्या कायद्याने वय दहावरून बारावर नेले. आजच्या मोजमापाने फारच थोडे. त्या मुलींनी सोसलेले आणि संगणकावरची पाळत यांची बरोबरी मला अजिबात करायची नाही. पण त्या वादातून एक गोष्ट कायद्याच्या भाषेत आणि मराठीच्याही भाषेत ठाम झाली : ‘हो’ हा शब्द उच्चारला गेला एवढ्याने संमती होत नाही, हो म्हणणारा कोणत्या स्थितीत आहे ते पाहावे लागते.

सव्वाशे वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर आलेल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे सहावे कलम संमतीची व्याख्या करते. ती मुक्त, विशिष्ट, माहितीवर आधारलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. सांगितलेल्या हेतूला लागेल तेवढ्याच माहितीपुरती हवी. आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. व्याख्या म्हणून हे उत्तम गद्य आहे.

पण पुढचेच कलम वाचावे. सातव्या कलमात संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा असलेली कारणे दिली आहेत आणि त्यांत नोकरीशी संबंधित हेतू आणि मालकाचे नुकसान टाळणे हेही आहे. म्हणजे ज्या नात्यात ‘हो’ म्हणणाऱ्याची स्थिती सगळ्यात नाजूक, तिथे संमती विचारण्याचीच गरज उरत नाही. आणि तिसऱ्या कलमानुसार, एखादी व्यक्ती स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरत असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. मी एकटी, माझ्या संगणकावर, माझ्या हिशेबासाठी मावशीचे नाव एखाद्या अ‍ॅपच्या वहीत जाऊ दिले, तर कायदा काही बोलणार नाही. तिच्या आणि माझ्या मध्ये फक्त मी दिलेला शब्द उरतो.

७. मी काय केले

चिकित्सा करून हात झटकणे मला शक्य नव्हते, कारण काम चालू ठेवायचे होते. म्हणून केले ते सांगते. कुणाला उपयोग झाला तर होवो.

प्रथम मी माझा प्रश्न लिहून काढला : तासाभराच्या मुलाखतीला उतरवण्याचे किती तास? याला पहिला थर पुरतो. फार तर फाइल कोणती हे हवे. तेव्हा स्वतःसाठी नोंदी संगणकावरच ठेवणारे अ‍ॅप घेतले आणि शीर्षके वगळण्याची त्यातली सोय चालू केली. ऐकण्याचा वेळ मी वहीत हाताने लिहिते. शिवाय सगळ्या मुलाखतींच्या फाइलींची नावे बदलून क्रमांक दिले. क्रमांक आणि नाव यांची यादी कागदावर आहे, कपाटात. हे करताना दोन आठवडे गेले. फोनवर सापडल्या त्या मावश्यांना मी हे सांगितलेही. एकीने विचारले, ‘वेळ तुझा मोजायचाय ना? मग तुझ्या मशीनला माझं नाव कशाला?’ सहाव्या कलमातले ‘हेतूला लागेल तेवढेच’ हे तत्त्व याहून सोप्या मराठीत मला लिहिता येणार नाही.

संस्थेला मी कळवले, की पानामागे पैसे द्या, तासामागे नकोत. म्हणजे मोजण्याचा प्रश्नच मिटेल. नियम बदलता येणार नाही असे उत्तर आले. काम सोडणे मला परवडणारे नव्हते. मग संगणकावर दुसरे खाते उघडले. त्यात फक्त त्यांची मुद्रिते असतात. माझी कागदपत्रे, ईमेल, मुलाखती काही नाही. त्यांचे काम करायचे तेव्हाच त्या खात्यात शिरायचे आणि झाले की बाहेर पडायचे. ते अ‍ॅप संगणकाच्या सर्व खात्यांसाठी बसवले जात नाही ना, एवढे बसवतानाच पाहावे लागते. महिन्यातून एकदा मी परवानग्यांची यादी उघडून वरपासून खालपर्यंत वाचते आणि ज्या अ‍ॅपचे काम संपले त्याची कळ मागे सरकवते. २०२४च्या सिकोया आवृत्तीपासून मॅक स्वतःच पडदा चित्रित करणाऱ्या अ‍ॅपबद्दल दर महिन्याला पुन्हा विचारू लागला आहे. त्याचा त्रास होतो अशी अनेकांची तक्रार आहे. मला तो त्रास बरा वाटतो. वर्षापूर्वी एकदा दिलेल्या होकारापेक्षा महिन्यापूर्वीचा होकार खरा असण्याचा संभव जास्त.

अर्थात हे उपाय ज्याला वेळ आहे आणि ज्याचा संगणक स्वतःचा आहे त्याचे. ज्या मुलीला कंपनीच्याच लॅपटॉपवर घरून काम करायचे आहे, तिच्याकडे दुसरे खाते नाही आणि नकाराचे बटणही नाही. तिच्यासाठी भाषाच बदलावी लागेल, आणि मग कायदाही.

८. मराठीत लिहायचे तर

भाषेबद्दल म्हणून शेवटी लिहिते. २०२३च्या कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याकडे मराठी साहित्यव्यवहाराचे लक्ष गेलेले मला दिसले नाही. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे. त्या २२ भाषांत मराठी आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणजे संमतीच्या सूचना मोठ्या संख्येने मराठीत लिहिल्या जाणार आहेत. त्या कोण लिहील? इंग्रजी वाक्याचे शब्दाला शब्द ठेवून केलेले मराठी कसे दिसते, हे या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात पाहिलेच. ‘सुगम्यता सुविधांचा वापर करून नियंत्रित करू इच्छिते’ हे मराठी शब्दांचे वाक्य आहे. ते मराठीत काही सांगत नाही.

माझ्या मते सूचनेत चार गोष्टी हव्यात : काय बाहेर जाईल, त्यात आणखी कोण येईल, ते कोणाकडे जाईल आणि नाही म्हटले तर काय होईल. त्या दृष्टीने मी मसुदा करून पाहिला.

‘अमुक अ‍ॅप तुम्ही उघडलेल्या प्रत्येक खिडकीचे शीर्षक वाचून वेळेसह लिहून ठेवेल. या शीर्षकांत तुमच्या फाइलींची आणि तुम्हाला लिहिणाऱ्या माणसांची नावे असू शकतात. ही परवानगी असेपर्यंत अ‍ॅपला खिडकीतला मजकूर वाचणे आणि तुमच्या वतीने बटणे दाबणेही शक्य असेल.’

‘या नोंदी अमुक संस्थेकडे जातील आणि इतके दिवस ठेवल्या जातील. हे अ‍ॅप बसवण्यास तुम्हाला अमुक संस्थेने सांगितले आहे.’

‘तुम्ही नाही म्हणालात, तर शीर्षके लिहिली जाणार नाहीत. वेळ मात्र मोजला जाईल.’

मसुद्यात सुधारणेला पुष्कळ जागा आहे. वाचकांपैकी जे अनुवादक आहेत, वकील आहेत, त्यांनी तो दुरुस्त करावा. फक्त त्यातले शेवटचे वाक्य गाळू नये. नाही म्हटल्यावर आपल्या हातात काय उरते, हे ज्याला सांगितलेले नाही, त्याच्या होकाराला परवानगी म्हणता येईल. संमती म्हणता येणार नाही.